सामाईक विहीर आणि मेनफ्रेमची मेमरी

मंद्रूपहून सोलापूरला आलेला एक जण स्टेशनच्या आरक्षण खिडकीवर सिद्धेश्वर एक्सप्रेसचं तिकीट मागतो. त्या तारखेला गाडीत एकच बर्थ शिल्लक आहे. नेमक्या त्याच वेळी कल्याणच्या खिडकीवर कोणी तरी आपल्या सोलापुरातल्या वडिलांसाठी तीच गाडी, तीच तारीख मागतो. दोन्ही कारकून एकाच क्षणी बटण दाबतात. तरीही बर्थ एकालाच मिळतो आणि दुसऱ्याच्या तिकिटावर प्रतीक्षा यादीचा आकडा येतो. हे कसं जमतं?

संगणक फार वेगानं काम करतो, हे त्याचं उत्तर नाही. उलट वेगामुळे गोंधळाची शक्यता वाढते, कारण एका सेकंदात शेकडो खिडक्यांची कामं एकमेकांवर येऊन आदळतात. खरं उत्तर मेमरीत आहे. प्रत्येक खिडकीसाठी आत वेगळं काम चालू असतं, पण शिल्लक बर्थांचा आकडा मात्र सगळ्यांनी मिळून पाहायचा आणि बदलायचा असतो.

रेल्वेनं १९८०च्या दशकात आरक्षणासाठी घेतलेली यंत्रं व्हॅक्स घराण्यातली होती, ती मेनफ्रेम, म्हणजे मोठ्या संस्थांची अवजड कामं पेलणारी मोठी यंत्रं, नव्हेत. पण हाच प्रश्न त्याच्या वीस वर्षं आधी विमान कंपन्यांपुढे उभा राहिला होता. अमेरिकन एअरलाइन्सची सेबर ही आरक्षण व्यवस्था आयबीएमच्या दोन ७०९० यंत्रांवर १९६४ पर्यंत पूर्ण उभी राहिली. पुढे त्याच धाटणीच्या व्यवस्था आयबीएमच्या सिस्टिम/३६० मेनफ्रेमवर असेंब्लर भाषेत लिहिल्या गेल्या. हा प्रश्न समजून घ्यायला असेंब्लर फार सोयीचा आहे. इतर भाषांत एका ओळीमागे यंत्राच्या दहा हालचाली झाकलेल्या असतात. असेंब्लरची एक ओळ म्हणजे सहसा यंत्राची एक सूचना, त्यामुळे मेमरीला कोण, कधी, कसा हात लावतो ते उघड्यावर दिसतं.

विहिरीचे तीन प्रश्न

मंद्रूपचा परिसर भीमा आणि सीना या नद्यांच्या मधला. नद्या जवळ असल्या तरी शेताशेताला पाणी पोचवायला विहीर लागतेच. दोन भावांची वाटणी होते, बांध पडतो, जमिनीचे दोन गट होतात, पण विहीर काही कापून वाटता येत नाही. ती सामाईक राहते आणि सातबाऱ्यावर इतर हक्कांत दोघांचा हिस्सा लिहिला जातो. त्यानंतर तीन गोष्टी ठरवाव्याच लागतात. विहिरीपर्यंत वाट कुठून, मोटार चालू करायचा हक्क कोणाला, आणि आज पाळी कोणाची.

मेनफ्रेमवर दोन प्रोग्रॅमना मेमरी वाटून द्यायची तर नेमके हेच तीन प्रश्न येतात: पत्ता, हक्क आणि पाळी. माझं मत असं की यातला पहिला प्रश्न सोपा, दुसरा यंत्रानंच बराचसा सोडवलेला, आणि सगळी मेहनत तिसऱ्यात आहे. शिकणाऱ्यांचा वेळ मात्र बहुधा पहिल्यातच संपतो.

यंत्र एकाचंच होतं तेव्हा

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली एक देशी संगणक चालू झाला. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला टिफ्रॅक हे नाव दिलं. त्याची मेमरी २,०४८ शब्दांची होती आणि एक शब्द ४० बिटांचा. आजच्या मापानं ही सगळी मेमरी १० किलोबाइट भरते. अशा यंत्रावर एक प्रोग्रॅम चालायचा, तो संपला की दुसरा. जो चालू असेल त्याची अख्खी मेमरी. वाटणीचा प्रश्नच नव्हता.

प्रश्न उभा राहिला तो पैशापायी. कार्ड वाचणारं किंवा टेप फिरवणारं यंत्र प्रोसेसरच्या मानानं अतिशय सावकाश चालतं. एका प्रोग्रॅमची टेप फिरेपर्यंत महागडा प्रोसेसर रिकामा बसायचा. म्हणून मेमरीत एकदम अनेक प्रोग्रॅम ठेवायचे आणि एक थांबला की दुसरा चालवायचा, अशी पद्धत आली. ७ एप्रिल १९६४ रोजी जाहीर झालेलं सिस्टिम/३६० हे घराणं ही पद्धत घेऊन जगभर पसरलं. त्याच्या सूचनासंचाबरहुकूम सोव्हिएत गटातल्या देशांनी यंत्रं बनवली आणि त्यातलं ईसी-१०३० हे यंत्र १९७०च्या दशकात पवईच्या आयआयटीत आलं. जॉन डोनोव्हन यांचं १९७२ सालचं ‘सिस्टिम्स प्रोग्रॅमिंग’ हे पुस्तक भारतातल्या अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांत वर्षानुवर्षं अभ्यासाला होतं, आणि त्यातली उदाहरणं ३६०च्या असेंब्लरची. शिकणाऱ्या बहुतेकांनी मेनफ्रेम डोळ्यांनी पाहिलेलाही नसायचा. तरी त्या पुस्तकावर पोसलेली मुलं १९९०च्या दशकात मुंबई-पुण्याच्या कंपन्यांत दाखल झाली आणि परदेशातले जुने मेनफ्रेम प्रोग्रॅम दुरुस्त करू लागली. त्या शिक्षणाला मी कमी लेखत नाही.

पत्ता हातात देणं

मेमरीतल्या प्रत्येक बाइटला एक क्रमांक असतो, तोच त्याचा पत्ता. ३६०मध्ये पत्ता २४ बिटांचा होता, म्हणजे १६ मेगाबाइटपर्यंत मोजता येत असे. प्रोसेसरच्या आत ० ते १५ क्रमांकांची सोळा रजिस्टरं, म्हणजे हाताशी ठेवलेल्या छोट्या जागा, असतात. सूचनेत पूर्ण पत्ता लिहीत नाहीत. रजिस्टरचा क्रमांक आणि त्यापासूनचं अंतर लिहितात, जे ३६०मध्ये ० ते ४,०९५ बाइट असू शकत असे. ‘पाचव्या रजिस्टरमध्ये जो पत्ता आहे तिथून ८ बाइट पुढे जा आणि तिथले चार बाइट तिसऱ्या रजिस्टरमध्ये आण’, अशी ती भाषा.

दोन प्रोग्रॅम एकाच क्षेत्रात असतील तर मेमरी वाटून घेणं अगदी सरळ आहे. पहिला प्रोग्रॅम दुसऱ्याला बोलावताना पहिल्या रजिस्टरमध्ये पत्ता ठेवतो आणि दुसरा तो उचलतो. तेराव्या रजिस्टरमध्ये जुनी रजिस्टरं जपून ठेवायच्या जागेचा पत्ता, चौदाव्यात परतीचा, पंधराव्यात बोलावलेल्या प्रोग्रॅमच्या सुरुवातीचा. साठ वर्षं हा संकेत टिकून आहे.

पण नुसता पत्ता कळून भागत नाही, तिथे काय कुठे आहे हेही दोघांना सारखंच माहीत हवं. त्यासाठी असेंब्लरमध्ये डीसेक्ट लिहितात. डीसेक्ट स्वतः मेमरी व्यापत नाही. पहिले चार बाइट गाडीचा क्रमांक, पुढचे चार तारीख, पुढचे चार शिल्लक बर्थ, एवढी मांडणी तो सांगतो. दोन्ही प्रोग्रॅम तोच डीसेक्ट घेऊन तयार होतात. इथेच एक चूक हमखास होते. कोणी तरी मध्ये चार बाइटांचं नवं खातं घालतो, एक प्रोग्रॅम नव्यानं तयार करतो आणि दुसरा जुनाच राहतो. मग दुसरा तारखेलाच शिल्लक बर्थ समजू लागतो. यंत्र काही तक्रार करत नाही, कारण त्याच्या दृष्टीनं सगळे बाइटच. म्हणून जुने जाणते लोक सामाईक जागेच्या अगदी सुरुवातीला ओळखीची काही अक्षरं आणि मांडणीचा आवृत्ती क्रमांक ठेवतात आणि वापरण्याआधी तो तपासतात. मला ही सवय फार मोलाची वाटते.

बांध पडल्यावर

१९७४ साली आयबीएमची एमव्हीएस ही कार्यप्रणाली आली आणि चित्र बदललं. तिनं प्रत्येक कामाला स्वतंत्र १६ मेगाबाइटचं क्षेत्र दिलं. या क्षेत्राला अॅड्रेस स्पेस म्हणतात. त्यातले पत्ते आभासी असतात. प्रोग्रॅमनं एखादा पत्ता वापरला की यंत्र त्या कामाच्या तक्त्यात पाहून खऱ्या मेमरीतली जागा शोधतं. हा हिशेब चार-चार किलोबाइटच्या तुकड्यांनी होतो. दोन कामांचे तक्ते वेगळे, त्यामुळे एकच आभासी पत्ता दोघांत दोन वेगळ्या जागी नेतो. दोन्ही भावांनी ‘बांधापासून शंभर पावलं’ म्हटलं तर दोघं आपापल्या रानात वेगळ्या ठिकाणी पोचतील, तसं.

यामुळे सुरक्षितता आली. एका प्रोग्रॅमनं वेडंवाकडं काही केलं तरी शेजाऱ्याच्या जागेपर्यंत त्याचा हात पोचत नाही. पण पत्ता हातात देऊन मेमरी वाटून घेण्याचा जुना रस्ताही बंद झाला. उपाय असा, की तक्त्यांचा काही भाग सगळ्यांचा एकच ठेवायचा. त्या भागातला पत्ता कोणत्याही अॅड्रेस स्पेसमधून वापरला तरी एकाच खऱ्या जागी जातो. या सामाईक क्षेत्रातल्या, मागून घेता येणाऱ्या भागाला कॉमन सर्व्हिस एरिया म्हणतात, आणि मेनफ्रेमवाले त्याला सीएसए म्हणूनच ओळखतात.

त्याची किंमत सगळ्यांना मोजावी लागली. सीएसए एक मेगाबाइटनं वाढवला तर प्रत्येक कामाच्या १६ मेगाबाइटमधून तेवढीच खाजगी जागा जाते, त्या कामाला सामाईक जागेची गरज असो वा नसो. ही कोंडी इतकी वाढली की १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला पत्ता ३१ बिटांचा करावा लागला आणि मर्यादा २ गिगाबाइटवर गेली. पुढे ६४ बिट आले. तिथे निवडक कामांनाच एकत्र जोडणारी सामाईक मेमरी मागता येते, इतरांना तिचा भार नाही. १९८८च्या सुमारास डेटा स्पेस नावाची सोय आली. त्यात प्रोग्रॅम नसतो, फक्त माहिती असते आणि ज्यांना परवानगी दिली तेच ती वाचतात.

राहिला प्रश्न विहिरीची वाट कळण्याचा. पहिल्या कामानं सीएसएमध्ये जागा घेतली, पण तिचा पत्ता दुसऱ्याला कसा समजणार? यासाठी यंत्रात एक जागा कायमची ठरलेली आहे. पत्ता क्रमांक १६ वर नेहमी सीव्हीटी नावाच्या मुख्य तक्त्याचा पत्ता सापडतो, आणि त्या तक्त्यात एक खातं वापरणाऱ्यांसाठी राखून ठेवलेलं आहे. पूर्वी लोक त्यात आपल्या सामाईक जागेचा पत्ता ठेवत. खातं एकच, त्यामुळे दोन गटांनी ते वापरलं की भांडण. आता नेम-टोकन नावाची सेवा आहे: १६ बाइटांचं नाव नोंदवायचं आणि त्यासमोर १६ बाइटांची माहिती ठेवायची, ज्यात पत्ता मावतो. दुसरं काम ते नाव विचारतं आणि पत्ता घेऊन जातं.

किल्ली

पत्ता कळला म्हणजे हक्क मिळाला असं नाही. मेनफ्रेमच्या मेमरीत चार किलोबाइटच्या प्रत्येक तुकड्याला ० ते १५ पैकी एक किल्ली लावलेली असते. प्रत्येक चालू कामाचीही किल्ली असते. लिहायचं तर दोन्ही जुळायला हव्यात. ० क्रमांकाची किल्ली सगळीकडे चालते आणि ती कार्यप्रणालीसाठी आहे. साधे प्रोग्रॅम सहसा ८ क्रमांकाच्या किल्लीनं चालतात. तुकड्याला आणखी एक खूण करता येते, तिच्यामुळे किल्ली न जुळणाऱ्याला नुसतं वाचायलाही बंदी होते. ही तपासणी प्रत्येक सूचनेच्या वेळी यंत्रच करतं. किल्ली जुळली नाही की प्रोग्रॅम तिथेच पडतो, याला अबेंड म्हणतात. एस-झिरो-सी-फोर हा अबेंड मेनफ्रेमवर काम केलेल्या माणसाला आयुष्यभर आठवतो.

सीएसए सगळ्यांना दिसतो, म्हणूनच तिथे जागा घ्यायला विशेष अधिकार लागतो. पण एक पळवाट वर्षानुवर्षं राहिली. तसा अधिकार असलेल्याला सीएसएमधली जागा साध्या प्रोग्रॅमची किल्ली लावून मागता येत असे. मग कोणत्याही कामातला कोणताही प्रोग्रॅम तिथे लिहू शकत असे, आणि बिघाड झाला तर कोणी केला ते शोधणं जवळजवळ अशक्य. २०१९ साली झेड/ओएस या आजच्या मेनफ्रेम कार्यप्रणालीच्या २.४ आवृत्तीत आयबीएमनं ही वाट बंद केली. ज्यांना ती लागतेच त्यांच्यासाठी वेगळं बंदिस्त क्षेत्र ठेवलं, तिथे सुरक्षा व्यवस्थेच्या परवानगीनंच जाता येतं. कित्येक ठिकाणी यासाठी जुने प्रोग्रॅम उकलून पाहावे लागले, त्रासही झाला. तरी निर्णय योग्यच होता, आणि तो आणखी आधी व्हायला हवा होता.

पाळी

आता मुख्य भाग. दोघांना पत्ता माहीत आहे, दोघांकडे किल्ली आहे. तरीही घोटाळा होतो.

चौकट: एक बर्थ दोघांना कसा जातो
मेमरीत शिल्लक बर्थ: १.
सोलापूरचं काम आकडा रजिस्टरमध्ये आणतं: १.
तेवढ्यात त्याला थांबवून यंत्र कल्याणच्या कामाकडे वळतं. तेही आकडा आणतं: १.
कल्याणचं काम एक वजा करतं, मेमरीत ० लिहितं, तिकीट देतं.
सोलापूरचं काम पुन्हा चालू होतं. त्याच्या रजिस्टरमध्ये अजून १ आहे. तेही एक वजा करतं, ० लिहितं, तिकीट देतं.
मेमरीत ० आहे, सगळं ठीक दिसतं. बर्थ मात्र दोनदा विकला गेला.

दोष असा की आणणं, वजा करणं आणि परत ठेवणं या तीन वेगळ्या सूचना आहेत, आणि कोणत्याही दोन सूचनांच्या मध्ये दुसरा घुसू शकतो. एकच प्रोसेसर असेल तरी हे होतं, अनेक असतील तर फारच वारंवार. आणि हा दोष चाचणीत सहसा सापडत नाही, कारण वेळ नेमकी जुळून यावी लागते.

एक उपाय पाळी लावण्याचा. ईएनक्यू या सेवेला एक नाव सांगायचं आणि ‘हे आता माझं’ म्हणायचं. दुसऱ्यानं तेच नाव मागितलं की कार्यप्रणाली त्याला रांगेत उभं करते. काम झालं की डीईक्यू म्हणून सोडायचं. फक्त वाचणारे अनेक जण एकदम आत जाऊ शकतात, बदलणारा मात्र एकटाच. पण लक्षात ठेवा, ईएनक्यू मेमरीला कुलूप लावत नाही, ते नुसतं नावाला लावलेलं असतं. न विचारता थेट लिहिणाऱ्या प्रोग्रॅमला ते अडवत नाही. पाळी सगळ्यांनी पाळली तरच पाळी. एका भावानं रात्री गुपचूप स्टार्टर दाबला तर ठरलेल्या वेळापत्रकाला काही अर्थ राहत नाही.

दुसरा उपाय यंत्रातच आहे, आणि मला तो या सगळ्या विषयातला सर्वात सुंदर भाग वाटतो. सिस्टिम/३६०नंतरच्या सिस्टिम/३७०मध्ये कम्पेअर अँड स्वॅप ही सूचना आली, लिहिताना नुसतं सीएस. तिला तीन गोष्टी द्यायच्या: मी वाचलेली जुनी किंमत, मला ठेवायची नवी किंमत आणि मेमरीतली जागा. यंत्र एकाच अखंड हालचालीत पाहतं, की मेमरीत अजून तीच जुनी किंमत आहे का. असेल तर नवी ठेवतं. नसेल तर मेमरीला हात लावत नाही, तिथली आत्ताची किंमत तुमच्या रजिस्टरमध्ये आणून देतं आणि ‘जमलं नाही’ अशी खूण करतं. या हालचालीच्या मध्ये दुसरा कोणी घुसू शकत नाही.

आता सोलापूरचं काम पुन्हा पाहू. त्यानं १ वाचला आणि ० ठेवायची तयारी केली. सीएस चालवली, पण मेमरीत कल्याणवाल्यानं ठेवलेला ० आहे. जुळत नाही. त्याच्या हातात ताजा ० येतो, ते पुन्हा विचार करतं आणि प्रतीक्षा यादीकडे वळतं. यात कोणी कोणाला रांगेत उभं केलं नाही. प्रत्येकानं आपलं काम आकडा बदललेला नाही असं गृहीत धरून केलं आणि ठेवण्याच्या क्षणी गृहीतक खरं आहे का ते तपासलं.

पण इथेही एक खाच आहे, आणि अनुभवी माणसंही तिच्यात अडकतात. समजा मोकळ्या तुकड्यांची साखळी आहे. टोकाला अ, त्याच्यामागे ब, त्याच्यामागे क. पहिल्या कामानं पाहिलं: टोकाला अ, पुढचा ब. आता त्याला अ उचलून टोकाला ब ठेवायचा आहे. इतक्यात ते थांबलं. दुसऱ्या कामानं अ उचलला, ब उचलला आणि अ परत आणून ठेवला. टोकाला पुन्हा अ, पण त्याच्यामागे आता क आहे, ब तर वापरात गेला. पहिलं काम जागं झालं आणि त्यानं सीएस चालवली. टोकाला अ आहे, जुळलं! म्हणून टोकाला ब ठेवला गेला. वापरातला तुकडा मोकळा ठरला आणि तो तिसऱ्याच्या हाती जाणार. किंमत तीच होती, परिस्थिती मात्र बदललेली होती.

यावर सीडीएस ही सूचना वापरतात. ती एकदम आठ बाइट तपासते. चार बाइटांत टोकाचा पत्ता आणि उरलेल्या चारांत एक मोजणी ठेवतात. कोणीही टोक बदललं की मोजणी एकनं वाढवायची. अ परत आला तरी मोजणी पुढे गेलेली असते, त्यामुळे तपासणी जुळत नाही आणि काम पुन्हा पहिल्यापासून वाचतं. आयबीएमच्या यंत्रपुस्तिकेत, प्रिन्सिपल्स ऑफ ऑपरेशनमध्ये, या साखळीचा नमुना दिलेला आहे. असेंब्लर शिकणाऱ्यानं तो कागदावर हातानं चालवून पाहावा.

गाळ कोण काढणार

प्रोग्रॅम संपला की त्याची खाजगी मेमरी आपोआप मोकळी होते. सीएसएमधली होत नाही, कारण ती आणखी कोणी वापरत असेल हे कार्यप्रणालीला ठाऊक नसतं. घेणारं काम निघून गेलं तरी ती जागा अडून राहते, यंत्र पुन्हा सुरू करेपर्यंत, म्हणजे मेनफ्रेमवाल्यांच्या भाषेत पुढच्या आयपीएलपर्यंत. मेनफ्रेम महिनोन्‌महिने बंद होत नाही, त्यामुळे रोज थोडी थोडी जागा सुटली तर सीएसए भरत जातो आणि एके दिवशी भलत्याच कामाला जागा मिळेनाशी होते. म्हणून कोणती जागा कोणी घेतली याची नोंद ठेवण्याची सोय झेड/ओएसमध्ये चालू करता येते, आणि मालक निघून गेलेल्या जागा त्यात वेगळ्या दिसतात.

घाईनं मोकळी करणं त्याहून वाईट. दुसऱ्या प्रोग्रॅमच्या रजिस्टरमध्ये जुना पत्ता तसाच असतो. ती जागा तिसऱ्याला मिळते, किल्ली जुळते, अबेंडही होत नाही आणि कोणाची तरी माहिती मुकाट्यानं बिघडते. यासाठी सामाईक जागेतच वापरणाऱ्यांची संख्या ठेवतात, ती सीएसनं वाढवतात आणि कमी करतात. शून्यावर आणणारा जागा मोकळी करतो.

पण एखादं काम मध्येच पडलं तर त्यानं वाढवलेली संख्या कमी कोण करणार? त्यासाठी रेसमॅनेजर नावाची सेवा आहे. काम सुरू होतानाच एक छोटा प्रोग्रॅम नोंदवून ठेवायचा. ते काम कसंही संपलं तरी कार्यप्रणाली तो चालवते आणि तो हिशेब मिटवतो. त्याला एक अट मात्र आहे. तो चालतो तेव्हा संपलेल्या कामाची अॅड्रेस स्पेस उरलेली नसते. म्हणून हा हिशेब मिटवणारा प्रोग्रॅम स्वतः आधीपासून सामाईक मेमरीतच नेऊन ठेवावा लागतो.